डकरूरवर दिलेला हात

अलेक्झांड्रिया,
२ नोव्हेंबर १९९६

मबरूकाताई,

सलाम लिहायची इच्छा नाही, म्हणून लिहीत नाही.

सिवाच्या बसचा ड्रायव्हर सब्री काल दवाखान्यात येऊन गेला. खजुराची पिशवी दिली, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता हसून म्हणाला, "सुटलास की जाफर एकदाचा! तुझा आणि हम्मूदाचा समेट झाला डकरूरच्या डोंगरावर." मी म्हटलं, अरे, मी तर इथं पलंगावर पडलोय, समेट केला कुणी? तर म्हणे तुझ्या दाजींनी. सगळ्या गावासमोर माझ्या वतीनं हम्मूदाच्या हातात हात दिला आणि मग सगळे जेवले.

माझा हात द्यायचा अधिकार दाजींना कुणी दिला? मी त्यांना काय सांगून पाठवलं होतं, आठवतंय ना तुला? ऑक्टोबरात सियाहाच्या सणाच्या जेवणाला सगळं गाव डोंगराच्या पायथ्याशी बसतं, वर्षभराची भांडणं तिथंच बोलायची असतात, तेव्हा उभं राहून सांगा की मे महिन्यात वाळूत काय झालं. एवढंच काम होतं, तोंड उघडायचं. त्यांनी ते उघडलं फक्त रोटी घालायला.

आणि आता? एकदा हात मिळवले की तो विषय पुन्हा कुणी काढायचा नाही, हे मी तुला शिकवायला नको. म्हणजे माझं तोंड कायमचं शिवलं. ज्यानं मला बिघडलेल्या गाडीपाशी बसवलं, "संध्याकाळी येतो" म्हणून गेला आणि तिसऱ्या दिवशी उगवला, तो आता गावात छाती काढून फिरणार. माझ्या किडन्या गेल्या, ताई. एक दिवसाआड मशीनला लावून घेतो तेव्हा जगतो, आणि ते मशीन सिवात नाही. म्हणजे घर संपलं माझं. आणि हे सगळं दाजींनी एका हातमिळवणीत मिटवून टाकलं!

सब्री सांगत होता, गावात मला "रेडिएटर प्यायलेला जाफर" म्हणतात. पोरं हसतात. हो, प्यायलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीतलं ते हिरवं पाणी प्यायलो. त्यात विष असतं हे मला माहीत होतं. हसणाऱ्यांना म्हणावं, एकदा बसून बघा तिथं.

दाजींना विचार, हात दिला तेव्हा कसं वाटलं. आणि मला लिहून कळव.

जाफर

---

सिवा,
१४ नोव्हेंबर १९९६

जाफर,

तुझं पत्र मी वाचलं आणि चुलीत घातलं. तुझ्या दाजींना दाखवलं नाही. तू आजारी आहेस म्हणून तुला काहीही बोलायची सूट मिळाली असं समजू नकोस.

पलंगावर पडून रागवायला सोपं आहे. त्या दिवशी तिथं पुरुषांच्या पंगतीत काय झालं ते ऐक. पराती मांडलेल्या, रश्श्याची वाफ निघतेय, त्यात घरोघरच्या रोट्या मोडून टाकलेल्या, वर मांस. सगळं गाव गोल करून बसलेलं. शेख उमराननी विचारलं, "कुणाचं काही राहिलंय का?" आणि सगळे तुझ्या दाजींकडं बघायला लागले. हम्मूदा स्वतःहून उठला, हात पुढं केला आणि मोठ्यानं म्हणाला, "जाफर माझा भाऊच आहे. तो हट्टी, गाडी सोडून येईना, मी काय करणार? तरी चूक माझी म्हणा." आता बोल. एवढं बोलल्यावर, पोरं भुकेनं रडत असताना, म्हातारे उन्हात बसलेले असताना, एकटा माणूस उभा राहून "नाही" म्हणेल? शेखसाहेबच म्हणाले, आजारी माणसाचा हात त्याच्या मेहुण्यानं द्यावा. दिला. तू असतास तर तूही दिला असतास.

आणि खरं सांगू? तू हट्टी आहेसच. बापाची ती जुनी गाडी विकली तेव्हा जेवला नव्हतास तू. म्हणून हम्मूदा म्हणतो त्यात थोडं तरी खरं असेल असं मलाही वाटतं.

तुला दिसत नाही, पण इथं आम्हाला दिवस काढायचे आहेत. आता गावात जो येतो तो वाळूत जायला येतो. सामान टाकतात, आपल्या झऱ्यात अंघोळ करतात, सायकली घेतात, माझ्या टोपल्या घेतात, आणि दुसऱ्या दिवशी निघतात वाळूच्या समुद्रात. ते उतरतात हम्मूदाच्या कॅम्पवर. गाढवगाडीवाल्यापासून रोटी भाजणारीपर्यंत सगळ्यांचं पोट त्या कॅम्पला बांधलंय. त्याच्याशी वैर धरून कुणाचं भलं होणार आहे?

औषधं वेळेवर घे. खजूर मोजून खा, डॉक्टरनं सांगितलंय.

मबरूका

---

अलेक्झांड्रिया,
३० नोव्हेंबर १९९६

ताई,

बाकी सगळं लिहिलंस, पण हम्मूदाकडं माझ्या जागेवर आता दाजी गाडी चालवतात हे लिहायचं विसरलीस वाटतं! सब्रीच्या तोंडून कळावं लागलं. हात फुकट दिला नव्हता तर. मला वाटलं होतं, गावाच्या भुकेपोटी दिला.

तुझा भाऊ हट्टी आहे ना, मग हट्टानं सांगतो, ऐक.

दोन गाड्या होत्या. माझ्या गाडीचा गिअर गेला. हम्मूदानं चारही सफारीवाल्यांना त्याच्या गाडीत घेतलं. तंबू घेतले, वाळूवरून घसरायच्या त्यांच्या फळ्या घेतल्या, भांडी घेतली. जागा होईना म्हणून पाण्याचे निळे कॅन उतरवायला लागला, तर त्यातली एक बाई म्हणाली, वाटेत आम्हाला पाणी लागलं तर? लगेच परत चढवले. मी म्हटलं, "एक तरी ठेव." तो म्हणाला, "अरे, संध्याकाळी येतो. तेवढ्यात काय सुकून जाणार आहेस?" मला दोन बाटल्या दिल्या. दोन!

मी गाडी सोडली नाही, बरोबर आहे. वाळूत गाडी सोडायची नसते. चालत निघालेला माणूस सापडत नाही, गाडी सापडते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आणि गाडी सोडून जायचं तरी कुठं होतं? त्याच्या गाडीत माझ्यासाठी जागा कुठं होती? तिथं फळ्या होत्या.

त्या संध्याकाळी कैरोहून नवा गट आला. चालू गाडी एकच राहिली होती. त्यांना गरम झऱ्यावर न्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना टेकडीवरून सूर्यास्त बघायचा होता. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, मला गाडीत घालताना. मी मरतोय असं वाटून बोलून गेला. लोकांनी सूर्यास्त बघितला, ताई. तोच सूर्य मी गाडीखाली पडून बघत होतो.

आता मला दिवसाला पाणी मोजून देतात. किडनी नसलेल्या माणसाला जास्त पाणी चालत नाही. एक छोटी बाटली, त्यातच चहा, त्यातच औषध. तहानेनं मरता मरता वाचलो आणि आता जन्मभर तहानलेला राहणार. हसा म्हणावं.

दाजींना एवढंच सांग. गाडीत दुसरं काहीही असो नसो, ते निळे कॅन असायलाच हवेत. माझा राग आहे त्यांच्यावर, पण त्यांच्या मरणाची इच्छा नाही.

जाफर

---

सिवा,
१९ डिसेंबर १९९६

जाफर,

पुरे आता. तुझे दाजी काय करतात, कुणाची गाडी चालवतात, ते माझ्या घरातलं आहे. दोन पोरं आहेत मला. तू आजारी पडलास म्हणून आम्ही उपाशी बसायचं का?

समेट झालाय. गावानं बघितलाय. या विषयावर पुन्हा लिहू नकोस. लिहिलंस तर उघडणार नाही.

ऑलिव्हचं तेल पाठवतेय सब्रीबरोबर.

मबरूका

---

सिवा,
२१ एप्रिल १९९७

जाफर, माझ्या भावा,

चार महिन्यांनी लिहितेय. पूर्ण वाच, मग शिव्या दे.

गेल्या आठवड्यात सकाळी हम्मूदा आमच्या दारात आला. गाडी रात्रभर आमच्याच अंगणात असते. बरोबर चार सफारीवाले, सावलीसाठी दोन तंबू आणि त्या फळ्या. जागा होईना. त्यानं काय केलं असेल? निळे कॅन उतरवून माझ्या भिंतीला लावून ठेवले. तुझे दाजी म्हणाले, "पाणी?" तो म्हणाला, "दुपारी परत येणार आहात. झऱ्यापर्यंत तर जायचंय." हे बसले आणि निघाले. बोलले नाहीत काही. नोकरी नवी होती ना.

आणि मी? मी त्यातला एक कॅन उचलून पुदिन्याच्या वाफ्यात रिकामा केला. बिनडोकासारखी. आयतं पाणी मिळालं म्हणून खूश होते. दुसरा उचलला तेव्हा त्याच्या बुडाशी तुझा हात दिसला. तू लाल रंगानं काढलेली ती बोटं, आपले कॅन ओळखू यावेत म्हणून. तिथंच बसले मी. तुझं ते दुसरं पत्र, जे मी पहिल्यासारखं चुलीत घालायला निघाले होते आणि घातलं नाही, ते सगळं आठवलं. फळ्यांना जागा, पाण्याला नाही. हट्टी तू नव्हतास, रे. तू खरं सांगत होतास आणि मी बहीण असून त्याचं ऐकलं.

दुपार झाली. गाडी आली नाही. मग वारा सुटला, तो गरम वारा. समोरचं घर दिसेना एवढी वाळू. मी अंगावर चादर घेतली आणि निघाले. बाजाराच्या मधून गेले, जिथून आपल्या बायका जात नाहीत. लोक बघत होते, बघू दे म्हटलं. थेट कॅम्पवर. हम्मूदा सावलीत चहा पीत होता, बाजूला ड्रायव्हर बसलेले, पाहुणे पत्ते खेळत होते.

मी दारातून ओरडले. जाफर, इतकं मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. "माझा नवरा पाण्याशिवाय वाळूत आहे! कॅन माझ्या अंगणात पडलेत! जाफरला असंच सोडलं होतंस तू!"

तो उठला, गोड हसून म्हणाला, "मबरूका, हात मिळवलेत आपण. हा विषय काढायचा नसतो."

मी म्हटलं, "हात पुरुषांनी मिळवले. मी तेव्हा घरी होते, माझे हात पिठात होते. ते कुणी मागितले नाहीत आणि मी कुणाला दिले नाहीत. मी बोलणार. संध्याकाळी येतो म्हणालास आणि तिसऱ्या दिवशी गेलास. सूर्यास्त दाखवत होतास!"

कुणी काही बोललं नाही. त्यांना बोलता येत नव्हतं, त्यांनी हात दिलेले ना. पण ऐकता तर येत होतं. एक ड्रायव्हर उठला. मग दुसरा उठला. माझ्याकडं न बघता त्यांनी गाडीत पाणी भरलं आणि वाऱ्यात निघून गेले. हम्मूदा मागून ओरडत होता, "गाडी माझी आहे!" कुणी वळूनही बघितलं नाही.

अंधार पडायच्या आत सगळे परत आले. गाडीचा पट्टा तुटला होता. पाचही जण गाडीच्या आडोशाला ओठ फुटून बसले होते. सगळे जिवंत आहेत. तुझे दाजी जिवंत आहेत.

ते घरी आले. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी अंगणात कॅन धूत होते, तेव्हा मान वर न करता विचारलं, "जाफर किती वेळ होता तिथं?"

मी म्हटलं, "तिसऱ्या दिवसापर्यंत."

ते कॅन धूतच राहिले.

मला माफ कर असं लिहीत नाही. तुझा राग तू ठेव, तुझा आहे तो. पण मला लिहीत राहा.

तुझी मबरूकाताई

---

अलेक्झांड्रिया,
६ मे १९९७

ताई,

शिव्या द्यायला बसलो होतो. बाजारातून तू चादर ओढून चाललीस, हे डोळ्यासमोर आलं आणि हसूच आलं. नर्स धावत आली, वाटलं काहीतरी झालं मला. तिला म्हटलं, काही नाही, माझ्या बहिणीनं गावातल्या सगळ्या पुरुषांची तोंडं बघण्यासारखी केली.

पण पुदिन्याला पाणी घातलंस? पिण्याचं? त्याबद्दल मी तुला कधी माफ करणार नाही.

आता कामाचं. दाजींना सांग, त्यांना माझ्याकडून काही नको, माफी नको, रडणं नको. फक्त एक करायचं. त्यांनी माझा जो हात दिलाय तो परत आणायचा. जिथं दिला तिथूनच, आणि सगळ्यांसमोर. हम्मूदाला तोंडानं म्हणू दे, कधी येतो म्हणाला होता आणि कधी आला. दवाखान्याची बिलं नकोत, त्याचा कॅम्प बंद व्हावा असंही मला वाटत नाही. गावाला जगायचं आहे, कळतं मला. पण खोटं ऐकून जगू नये.

मी येऊ शकत नाही. मशीन मला दोन दिवसही सोडत नाही.

ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. दाजी घाबरतील, तू घाबरवू नकोस.

जाफर

---

सिवा,
२० ऑक्टोबर १९९७

जाफर,

सियाहा झाली. मी तिथं नव्हते, पण तुझ्या दाजींनी मला शब्द न् शब्द सांगितलाय, आणि त्यांनी विसरलेलं शेजारणींनी सांगितलं.

पराती मांडल्या. शेख उमराननी नेहमीसारखं विचारलं, "कुणाचं काही राहिलंय का?" तुझे दाजी उभे राहिले. म्हणाले, "गेल्या वर्षी मी जो हात दिला तो माझा नव्हता. तो मी परत घेतोय."

एकच गलका झाला. असं कधी कुणी केलंच नव्हतं. म्हातारे चिडले. कुणी म्हणालं, डोकं फिरलं याचं, बायकोच्या नादाला लागला. शेखसाहेब म्हणाले, "महदी, आधी जेवून घेऊ. मग बोलू."

हे म्हणाले, "जेवलं की विषय मिटतो, शेखसाहेब. म्हणून आधी बोलू."

हम्मूदा हसला. म्हणाला, "रेडिएटर पिणाऱ्या माणसासाठी सगळ्या गावाला उपाशी ठेवणार का?" गेल्या वर्षी यावर सगळे हसले असते. यंदा कुणी हसलं नाही. वाऱ्यात गाडी घेऊन गेलेल्या त्या दोघांपैकी एक ड्रायव्हर बसल्या जागेवरून म्हणाला, "सांग की हम्मूदा. कधी येतो म्हणाला होतास त्याला?"

ऊन चढलं. रश्श्यावर चरबी गोठायला लागली. रोट्या फुगून लगदा झाल्या. पोरं रडली, कुणी उठून त्यांना गप्प केलं नाही. सगळं गाव एकाच माणसाच्या तोंडाकडं बघत बसलं. दाजी सांगत होते, गेल्या वर्षी ते सगळे डोळे त्यांच्यावर होते, तेव्हा त्यांना काय झालं होतं ते त्यांना आठवत होतं, म्हणून त्यांना हम्मूदाची जरा कीवही आली. मला नाही आली.

शेवटी तो म्हणाला, "संध्याकाळी म्हणालो होतो."

"आणि गेलास कधी?"

"तिसऱ्या दिवशी."

"का?"

"गट आला होता."

बस्स, एवढंच. पण सगळ्यांनी ऐकलं. मग शेखसाहेब दाजींना म्हणाले, "आता दे हात. खरं बोललाय तो."

दाजी म्हणाले, "हात जाफरचा आहे. त्याला विचारतो. मी एकदा चुकलो, पुन्हा नाही."

आणि जाफर, आजवर जे कधी घडलं नाही ते घडलं. शेखसाहेब म्हणाले, "एक भांडण उघडं राहू दे. गाव जेवू दे." थंडगार, लगदा झालेलं जेवण सगळे निमूटपणे जेवले.

हम्मूदाच्या कॅम्पवरून आता पाण्याशिवाय गाडी निघत नाही. ड्रायव्हरच निघत नाहीत. "रेडिएटर प्यायलेला" कुणी म्हणत नाही. म्हणालं तर मी चादर घेऊन दारात येते, हे सगळ्यांना माहीत झालंय.

सब्रीबरोबर रोटी पाठवतेय. सियाहाच्या दिवशी माझ्या हातची भाजलेली, रश्श्यात न मोडलेली, शेखसाहेबांनी स्वतः बाजूला काढून ठेवलेली. बसमध्ये वाळून जाईल. तुझे दाजी विचारतात, हात देतोस का? मीही विचारते. पण तुला वाटेल तेच लिही. या वेळी तुझ्या वतीनं कुणी बोलणार नाही.

तुझी ताई

---

अलेक्झांड्रिया,
२९ ऑक्टोबर १९९७

ताई,

सलाम. तुला, दाजींना, पोरांना, शेखसाहेबांना.

रोटी मिळाली. दगड झाली होती. भिजवायला माझं आजचं निम्मं पाणी गेलं. आता संध्याकाळपर्यंत ओठ चाटत बसेन, चालेल. घरची चव होती. सगळी खाल्ली, तुकडाही ठेवला नाही.

म्हणून शेखसाहेबांना सांग, दाजींशी समेट झाला. तुझ्याशी झाला, पुदिन्यासकट. गावाशीही झाला.

हम्मूदाचं म्हणशील तर, हात काही सब्रीच्या बसनं पाठवता येत नाही. तो न्यायला त्याला इथवर यावं लागेल. रस्ता चांगला आहे, गाडी त्याच्याकडं आहे, आणि वाटेत प्यायला पाणीही मिळतं. माझा एवढाच निरोप त्याला दे, असाच्या असा.

संध्याकाळी येतो म्हणाला होतास. मी अजून वाट बघतोय.

जाफर